प्रोखोरची काठी

खोटं वाटत असेल, तर मुर्मान्स्कजवळच्या आमच्या खाणीच्या गावात या. उल्यानाच्या दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा स्वतः बघा.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. त्या महिन्यात आमच्याकडे सूर्य उगवतच नाही. भर दुपारी मिट्ट काळोख.

उल्याना बिलियर्ड्सच्या काठ्या बनवते. तिचा नवरा प्रोखोर गावातला सगळ्यात तरबेज खेळाडू होता. आणि सगळ्यात खडूस. मुलगा तीशा लहानपणी खेळताना चुकला, की तो काठीचं बूड जमिनीवर आपटायचा.

ठक!

"आधी काठीएवढा हो बुटक्या, मग हात लाव तिला!"

पानं गळायच्या दिवसांत प्रोखोर गेला. मरतानाही बजावून गेला, "माझी काठी कुणी कापायची नाही."

पण नव्या वर्षाच्या सामन्यासाठी तीशाला तीच काठी हवी होती. काठी उभी धरली, की टोक हनुवटीला लागलं पाहिजे, हा आमच्याकडचा हिशोब. बापाची काठी त्याच्या नाकापर्यंत येत होती.

"नको रे. बजावून गेलेत ते."

"मेलेला माणूस मोजायला येणार आहे का, आई?"

उल्यानाने बुडाकडून चार बोटं कापली. तुकडा शेगडीत टाकला.

तेवढ्यात मागच्या खोलीतून...

ठक.

तिने जाऊन पाहिलं. खोली रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी तीशा तणतणत आला. "नीट मापसुद्धा घेता येत नाही का तुला? बघ, नाकालाच लागतेय!"

खरंच लागत होती. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं उल्यानाला वाटलं. तिने आणखी चार बोटं कापली.

ठक.

या वेळी आवाज अगदी पाठीमागून आला...

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "काप ना, आई!"

उल्यानाने करवत उचलली. आणि तिची नजर त्याच्या विजारीवर गेली.

विजार जमिनीवर लोळत होती.

तिने टेप घेऊन काठी मोजली. काठी वाढलेली नव्हती. कापली होती तेवढीच होती.

मग तिने तीशाला चौकटीला टेकवून उभं केलं. लेकाच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला तिनेच तिथे खूण केली होती.

ती खूण त्याच्या डोक्याच्या वर होती... आठ बोटं वर.

"काय झालं? अशी काय बघतेस?"

तिने त्याच दुपारी काठी नेऊन प्रोखोरच्या थडग्यावर ठेवली. करवत बंद पडलेल्या खाणीत फेकली. तीशाने आकांडतांडव केलं, पण ती बधली नाही.

मग सगळं शांत झालं. जानेवारीत सूर्यही परत आला. उल्यानाचा जीव भांड्यात पडला.

परवा सकाळी ती तीशाची खोली झाडत होती. रात्रपाळी करून आलेला तीशा गाढ झोपला होता.

पलंगाखालून झाडू बाहेर ओढला, तर त्याच्याबरोबर...

लाकडाचा भुसा. बारीक, पांढरा. आत्ताच पडल्यासारखा.

पायाकडच्या बाजूला.

"आई," तीशा झोपेतच पुटपुटला, "पाय फार गार पडलेत गं..."

पांघरूण वर करून बघायची उल्यानाची हिंमत झाली नाही.