दोन इंच गेले कुठे?

"मामा, थांबा ना, नवी टोपी आहे ती," टोपीवाली म्हणेपर्यंत तिच्या टोपीचा लोंबता दोरा कापला गेलासुद्धा. मामाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक चिमुकली कात्री असायची. लोंबणारं, झिजलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. तसा तो भिंगरीचा आणि तिच्या ताईचा मामा. पण सुट्टीत मैदानावर सगळ्या संघाचाच मामा आणि प्रशिक्षक.

आज तो भिंगरी, ताई आणि त्यांच्या संघातली ही टोपीवाली, अशा तिघींना घेऊन खेळाच्या दुकानात आला होता, सॉफ्टबॉलच्या पँट घ्यायला. सामना उद्या सकाळी होता. भिंगरी घसरत बेस गाठण्यात पटाईत, त्यामुळे तिचे गुडघे कायम सोललेले. "पुन्हा गुडघा फोडून आलीस तर खेळ बंद," आईने बजावलं होतं, आणि आई उगाच बोलणाऱ्यातली नव्हती. म्हणून गुडघ्याला आतून जाड पॅड शिवलेली पँट हवी होती.

मापं मामाने कालच घेतली होती. त्याच्या चिठ्ठीप्रमाणे दुकानदारकाकांनी पँट काढून दिल्या. तिघी घालून बाहेर आल्या त्या कंबर मुठीत धरूनच!

"वाढत्या अंगाच्या मुली. सैलच बरी," काका म्हणाले. "पट्टा लावा की झालं."

"तेच म्हणतो मी," मामा म्हणाला आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

"मी वर्षभरात तसूभर वाढले नाहीये," टोपीवाली पुटपुटली. पण ऐकतो कोण?

भिंगरीने पट्टा आवळला, चार पावलं धावली आणि गुळगुळीत फरशीवर सर्रकन घसरली. चेंडूंची टोपली थोडक्यात वाचली. उठून पाहते तर पॅड नडगीवर उतरलेलं, गुडघ्यावर नुसतं पातळ कापड.

"ताई, ही घातली तर उद्याचा सामना माझा शेवटचा," ती म्हणाली. तिने पॅड वर ओढून पाहिलं, ते पुन्हा खाली उतरलं.

ताईला ते बघवेना. भिंतीवर पाटी होती, 'विकलेला माल बदलून मिळणार नाही.' जे काय शोधायचं ते आत्ताच.

"काका, तुमची टेप द्याल?"

तिने आधी भिंगरीची पँट मोजली. चिठ्ठीत चोवीस, पँटही चोवीस. मग भिंगरीची कंबर मोजली, तर बावीस.

"मला मोज," टोपीवाली पुढे झाली. चिठ्ठीत अठ्ठावीस, कंबर सव्वीस. ताईचीही दोनच इंच कमी निघाली.

"तिघी एका रात्रीत सारख्याच कशा बारीक होऊ?" ताई म्हणाली.

भिंगरीची नजर टोपीवर गेली, जिथे मघापर्यंत दोरा लोंबत होता. "मामा, तुझी टेप दाखव."

मामाने खिशातून टेप काढली. तिच्यावरचा पहिलाच आकडा होता तीन!

"टोक झिजलं होतं गं," मामा कान खाजवत म्हणाला. "दोरे लोंबत होते. म्हटलं, जरा नीट करू."

काका इतके हसले की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. "तीस वर्षं पँट विकतोय," ते म्हणाले, "पण दुकानात घसरून पारख करणारं गिऱ्हाईक पहिलंच. शाब्बास पोरींनो. आणि मीही उगाच पट्ट्याची घाई केली." त्यांनी योग्य मापाच्या पँट काढल्या. भिंगरी पुन्हा घसरली. या वेळी पॅड जागचं हललं नाही. मामाने जुडग्यातली कात्री सोडवून ताईच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या डावात भिंगरी धुळीचा लोट उडवत होम बेसवर घसरली. संघ नाचत होता, पण आई कोणाकडे न बघता तरातरा मैदानात आली, धुळीत बसली आणि तिने पँटचा पाय वर सरकवला. गुडघ्यावर साधा ओरखडाही नव्हता.

"आता बंद नाही ना?" भिंगरीने हळूच विचारलं.

आईने तिच्या गालावरची माती पदराने पुसली. "मामाने सांगितलं मला सगळं. हुशार आहात गं तुम्ही," ती म्हणाली. "घरी गेल्या गेल्या ही पँट धुवायला टाक. उद्या सरावाला वाळायला हवी."