न दिलेलं मत

रविवारची सकाळ, वर रिमझिम आणि मिसळीचं दुकान! नाशिकमध्ये हे तिन्ही एकत्र आलं की स्वतंत्र टेबल मिळायची आशा सोडायची. वेदिका आहेरनं ती कधीच सोडली होती. समोर एक अनोळखी तरुण पापड मोडत बसला होता. त्याच्याकडे न बघता ती फोनवर साधनाला, आपल्या खोलीतल्या मैत्रिणीला, वाचून दाखवत होती.

"ऐक हं. 'कृषिमालाच्या साठवणुकीतील नासाडीचे सेन्सरद्वारे पूर्वानुमान...' कसं वाटतंय?"

साधना काय म्हणाली कुणास ठाऊक, पण समोरचा खुदकन हसला. वेदिकानं फोन ठेवला.

"हसायला काय झालं?"

"नाही... मिसळ इतकी झणझणीत, आणि वाक्य अगदीच मिळमिळीत. टेक कॉन्फरन्सला पाठवताय ना? थंडीत असते त्या?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"गेल्या वर्षी बोललो होतो मी तिथं. ओम. इगतपुरीचा." त्यानं जिलबीची ताटली तिच्याकडे सरकवली. "यंत्र करतं काय तुमचं, ते साधं सांगा की."

आता आली का पंचाईत! साधं सांगायचं तर गावापासून, देवळ्यापासून, वडिलांपासून, म्हणजे अण्णांपासून सुरुवात करावी लागणार. अण्णांची कांदा साठवायची चाळ आहे. वरून कांदा कसा टवटवीत दिसतो, आणि आत कुठंतरी एक सडतो, मग शेजारचा, मग सगळी रास. वेदिकानं सडण्याच्या वासावरून आधीच ओळखून फोनवर कळवणारं यंत्र बनवलं होतं. अण्णांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "हाई खेळनं शे, माय. चार शहाणे लोक बरं म्हणू देत, मग लावू चाळीत."

खेळणं म्हणे! तेव्हापासून वेदिकाला त्या मंचावर उभं राहायचंच होतं.

"आमच्या कांद्याच्या चाळीला वास येतो," ती चिडून म्हणाली, "हे अख्ख्या गावाला कळतं, आणि आम्हाला सगळ्यात शेवटी! म्हणून बनवलं. पुरे?"

ओमचा घास हातातच राहिला. "हेच... हेच लिहा ना पहिल्या ओळीत."

तिनं लिहिलं. पुढच्या रविवारी दाखवलं, त्याच्या पुढच्याही. तो खोडायचा, ती भांडायची, आणि मिसळ गार व्हायची. त्याला विचार करताना कपाळावरचे केस मागे सारायची सवय होती. वेदिकाचं अर्धं लक्ष तिकडेच असायचं, हे तिनं साधनालासुद्धा सांगितलं नव्हतं. कॉन्फरन्सला प्रस्ताव पाठवला त्या दिवशी दोघांनी एकाच छत्रीतून पार्किंगपर्यंत जाताना मुद्दाम पावलं हळू टाकली.

आणि मग काय झालं, तर निवड समितीतला एक जण गळाला आणि तिथं ओमला घेतलं.

"अरे वा!" वेदिका हरखली.

तो मात्र म्हणाला, "निकाल लागेपर्यंत आपण... भेटायला नको."

एवढंच. कारण नाही, काही नाही. तिला राग आला, रडूही आलं. तरी मनातल्या मनात तिनं त्याचं मत धरूनच ठेवलं होतं. बाकीचे काही का म्हणेनात, ओम तर आहे!

निकाल लागला. तिचं नाव नव्हतं.

साधना त्या कॉन्फरन्सचं आयोजन बघायची. तिनं कपाळाला हात लावला. "अगं, शेवटच्या एका जागेसाठी तुझा आणि आणखी एक, असे दोन प्रस्ताव उरले. दोन मतं इकडे, दोन तिकडे. एकट्या ओमचं राहिलं होतं... आणि तो उठून बाहेर गेला! मग अध्यक्षांनी दुसरा निवडला."

रविवारी वेदिका दुकानात शिरली ती तरातराच. तो नेहमीच्याच टेबलावर होता.

"बाहेर का गेलात?"

"बसा तरी."

"नाही बसत. अण्णांना काय तोंड दाखवू मी?"

"नियम आहे," ओम हळू म्हणाला. "नावं झाकलेली असतात. तरी ओळखू आलं, आणि आपलं माणूस असलं, तर मत द्यायचं नाही. तुमची पहिली ओळ वाचली आणि..."

"ओळखीचे तर तिथं निम्मे असतील तुमच्या!"

"आहेत की. त्यांना दिली मी मतं. ओळखीच्यांना चालतं. आपल्या माणसाला नाही चालत."

आजूबाजूला वाट्या खणखणत होत्या. वेदिका खुर्ची ओढून बसली.

"आणि मी आपलं माणूस... कधीपासून?"

"चाळीच्या वासावरून चिडलात ना, तेव्हापासून असेल." त्यानं केस मागे सारले. "बाहेर जिन्यात उभा होतो. परत आत जावं, हात वर करावा, असं फार वाटलं. पण मग हे तुम्हाला कधीच सांगता आलं नसतं. तुमची जागा मी दिल्यासारखी झाली असती... प्रस्ताव चांगला आहे, वेदिका. फार चांगला आहे."

तिचे डोळे भरून आले. राग होता तो कुठं गेला, कळेना.

"देवळ्याला येतो मी," तो म्हणाला. "यंत्र चाळीत बसवू. अण्णांचं अण्णांना कळू दे."

"या. पण कोण म्हणून येणार?"

ओमचे कान लालबुंद झाले. मिसळ एवढी काही तिखट नव्हती त्या दिवशी.

"पुढच्या वर्षी मी परत पाठवणार आहे," ती म्हणाली.

"पाठवाच."

"समितीत असशील?"

ते एकेरी 'असशील' ऐकून ओमनं चमकून वर बघितलं. "बहुतेक... हो."

वेदिकानं जिलबीची ताटली त्याच्याकडे सरकवली.

"मग तेव्हाही मला मत द्यायचं नाही. कळलं?"