कुत्र्यांना प्रवेश

कोरा पत्रा

"कोणी आहे का?"

"हाय."

आवाज वरून आला. उमानं मान वर केली. मौजवनाच्या कमानीला शिडी टेकवलेली, शिडीवर एक तरुण, हातात ब्रश, गालावर लाल रंगाचा फराटा. नाताळच्या सुट्टीतली सकाळ होती. धुकं अजून पुरतं उठलेलं नव्हतं, त्यामुळे तो ढगात बसल्यासारखा दिसत होता. आणि ढगात बसून हा माणूस तिला 'हाय' करत होता.

"ओळख ना पाळख, हाय काय?" उमा म्हणाली. "शहरातली मुलगी दिसली की लगेच इंग्रजी?"

"इंग्रजी कुठं?" तो खरंच गोंधळला. "तुमी इचारलं कोणी आहे का. मी हाय. मंग हायच म्हणणार ना… नाय म्हणू का?"

उमाला कळायला एक क्षण लागला, आणि हसू दाबायला त्याहून जास्त. तेवढ्यात तिच्या हातातली दोरी सुटली.

दोरीच्या टोकाला बंड्या होता. तांबूस, एका कानाचा तुकडा उडालेला, ठाण्याच्या गल्लीत जन्मलेला आणि तिथंच उमानं उचललेला. तो शिडीखालच्या डब्यावर धडकला, डबा आडवा झाला आणि नव्यानं चुना दिलेल्या पायऱ्यांवर लाल पंजे उमटवत बंड्यासाहेब मौजवनात दाखल झाले.

'माफ करा' ओठांवर आलं होतं. पण बंड्याबद्दल कुणाची माफी मागायची नाही, हे ती घरूनच ठरवून निघाली होती.

"रंगाचा डबा असा वाटेत ठेवतात का?"

"मंग काय डोक्यावर ठिवू, ताई?"

कु

रायगडातल्या शिळफाट्याच्या अलीकडे मौजवन नुकतंच निघालं होतं. आकाशपाळणा, लुटुपुटीची रेल्वे, तळ्यात बदकाच्या आकाराच्या होड्या. शेजारी भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात तंबू ठोकलेले. 'तंबूत राहा, मौज पाहा' ही जाहिरात वाचून उमाच्या वडिलांनी, अण्णांनी, तंबू घेतला होता.

जाहिरात हे निमित्त. ठाण्यातल्या सोसायटीला बंड्या नको होता. अण्णा निवृत्त मुख्याध्यापक, चारचौघांत मान असलेला माणूस. त्यांनी सोसायटीला शब्द दिला होता की सुट्टी संपली की कुत्रा दिसणार नाही. उमाला हे आईकडून कळलं, तेव्हा ती म्हणाली, "मग सुट्टीला तोही येणार. नाहीतर मी येत नाही." अण्णांनी लगेच मान डोलावली. इतक्या लगेच, की उमाला तेव्हाच संशय यायला हवा होता. बंड्याला न्यायचं होतंच. परत आणायचं नव्हतं.

मौजवनाचे व्यवस्थापक पाटणकर लाल पंजांच्या मागानं तंबूपर्यंत आले. नियमाचा माणूस.

"कुत्रा चालणार नाही."

"तसं कुठे लिहिलंय?" उमानं विचारलं.

पाटणकरांनी इकडेतिकडे पाहिलं. लिहिलेलं कुठेच नव्हतं.

"बरोबर. पाटीशिवाय नियम लावता येणार नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "चंदर पेंटरला सांगतो. पाटी लागली की कुत्रा बाहेर."

"उत्तम," अण्णा म्हणाले. "पाटी लागली की इथल्या कोंडाजीच्या टेंपोत घालू, बोलून ठेवलंय मी त्याच्याशी. घाटापलीकडे सोडून येईल तो. मोकळ्या हवेत राहील बिचारा."

उमा तडक कमानीपाशी गेली. चंदर खाली बसून पत्र्याला पांढरं अस्तर देत होता.

"ती पाटी तुम्ही रंगवायची नाही."

"मी नाय तर दुसरा कोणी रंगवील, ताई. कर्जतचा पेंटर तर सकाळी घेतली की दुपारी लावतो."

"मग?"

त्यानं पत्रा उन्हाला लावला आणि त्यावर बोट टेकून बघितलं.

"मंग माझ्याच हातात राहू द्या," तो म्हणाला. "माझा रंग लवकर वाळत नाय."

त्या दिवशी पाटीवर एकच अक्षर आलं.

कुत्र्यांना

"आज कुठवर?"

"आज 'त्र्यां' करायचं. लई अवघड हाय. त्रला य, यला काना, वर टिंब." चंदरनं ब्रश पुसला. "टिंबाला तर अर्धा दिस जाईल."

"टिंबाला?"

"गोल नको का यायला?"

उमा बंड्याला घेऊन बसली. दुसऱ्या तंबूंतली माणसं आकाशपाळण्यात बसायला गेली होती, वरून त्यांचे चीत्कार ऐकू येत होते. ही मात्र एका पत्र्यासमोर. टर्पेंटाइनचा वास, पेंढ्याचा वास, आणि चंदरचा हात… काना ओढताना तो श्वास रोखायचा. मग तीही रोखायची. काना संपला की दोघं एकदमच श्वास सोडायची, आणि मग उगाचच दुसरीकडे बघायची.

पाटणकर येऊन गेले. "एवढा वेळ?"

"दव पडतंय साहेब. रंग धरत नाय."

"ऊन आहे की."

"ऊन पण हाय. त्यानं पापुद्रे येतात."

पाटणकर गेल्यावर उमा म्हणाली, "किती सराईत खोटं बोलता हो."

"तुमच्या बंड्यासाठी."

"फक्त बंड्यासाठी?"

ब्रश हलला. टिंब लांबट झालं.

"बघा," तो म्हणाला, "आता पुसून परत करावं लागंल. अजून अर्धा दिस."

या वेळी मागे 'ताई' नव्हतं. ते कधी गळून पडलं हे त्याला कळलं की नाही कोण जाणे. तिला कळलं.

कुत्र्यांना प्रवेश

'प्रवेश' लिहून झालं आणि तो थांबला. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला.

"आता कारण काय सांगणार पाटणकरांना?" उमानं विचारलं. "दव, ऊन, सगळं वापरून झालं."

"आता कारण नाय. आता खरंच हात चालत नाय." तो पाटीकडे बघत होता. "माझ्या आज्याच्या वक्ताला असली पाटी लागायचीच नाय. पाटी नसतानाच समजायचं, कुठं जायचं नि कुठं नाय. या धंद्यात मी मेनूकार्डं रंगवली, दुकानं रंगवली, टेंपोच्या मागं डोळे काढले. पण हे शब्द आले की बोटं जड होतात."

उमानं बंड्याची दोरी जवळ ओढली.

"आणि कुत्र्याशी बरोबरी करत नाय हां मी," तो जरा हसला. "कुत्र्याला तळ्यावर पाणी प्यायला मुभा होती."

हे कुठल्या तळ्याबद्दल आहे ते रायगडात कुणाला सांगावं लागत नाही. उमालाही लागलं नाही. तिच्या अण्णांनी त्या तळ्याच्या सत्याग्रहावर शाळेत दर चौदा एप्रिलला भाषण केलं होतं आणि ती पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत आली होती.

त्या संध्याकाळी चंदरनं पोपटी लावली. वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वर भांबुर्डीचा पाला ठासलेला, मडकं उलटं, भोवती पेंढ्याचा जाळ. वास सुटला तशी तंबूंतून माणसं बाहेर आली. अण्णाही आले. पहिली ओंजळ चंदरनं त्यांनाच दिली.

"वा," अण्णा म्हणाले. "आडनाव काय तुझं?"

"चंदर पेंटर. पाटीखाली तेवढंच टाकतो."

"हो, पण घर कुठे?"

चंदरला प्रश्न कळला. त्यानं जाळावरची नजर उचलून सरळ अण्णांकडे बघितलं.

"हिथंच, खालच्या अंगाला. विहाराच्या मागं."

अण्णा मंद हसले. ओंजळीतल्या शेंगा मात्र हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, बाजूच्या दगडावर ठेवल्या आणि हात रुमालाला पुसले.

उमानं त्या दगडावरच्या शेंगा उचलल्या. एक सोलली, खाल्ली. दुसरी सोलली, खाल्ली. अण्णांकडे बघत. शेवटच्या शेंगेचं टरफल बंड्याला दिलं.

"मीठ बरोबर पडलंय," ती म्हणाली.

अण्णा तंबूकडे गेले. जाळ बसत आला होता.

"चंदर, एक विचारू? तुझ्या मनात… माझ्याबद्दल… काही आहे का?"

तो काठीनं राख सारत राहिला. तंबूच्या कापडावर अण्णांची सावली उभी होती, इकडेच तोंड करून.

"नाय," तो म्हणाला.

"बघ, आज पहिल्यांदा खोटं बोलताना तुझा आवाज कापला."

कुत्र्यांना प्रवेश —

निघायचा दिवस. कमानीपाशी कोंडाजीचा टेंपो उभा. पाटणकर, अण्णा, आई, सामान. पाटी अजून अपुरी.

"दोनच अक्षरं राहिलीत," पाटणकर म्हणाले. "माझ्यासमोर लिही. ना. ही."

चंदरनं ब्रश उचलला. पुन्हा खाली ठेवला.

"मी नाय लिहिणार, साहेब. काम गेलं तर जाऊ द्या."

"उमा, दोरी कोंडाजीकडे दे," अण्णा म्हणाले. "तमाशा नको. आणि सकाळ-संध्याकाळ त्या मुलाजवळ बसलेलीस ते मी पाहिलंय. तो कोण आहे, माहीत आहे ना?"

"चंदर. पाट्या रंगवतो."

"मी ते विचारलं नाही."

"तुम्ही काय विचारलंत ते कळलं मला, अण्णा. पोपटीच्या वेळीच कळलं. दर चौदा एप्रिलला टाळ्या कशासाठी वाजवून घेत होता हो तुम्ही?"

आई सामानाकडे बघू लागली. पण सामानाकडे बघताना तिच्या ओठाचा कोपरा हलला, हे उमानं पाहिलं.

उमा खाली बसली. डब्यात ब्रश बुडवला. तिला रंगवता येत नव्हतं, काना वाकडा गेला, यचं पोट फुगलं, लाल ओघळ खाली आला. पण अक्षरं वाचता येत होती.

कुत्र्यांना प्रवेश हाय

"हे काय?" पाटणकर म्हणाले.

"पाटी. आता नियम लावा."

"हे शुद्ध नाही."

"इथं असंच बोलतात. विचारा कोंडाजीला."

कोंडाजीनं विडी काढली, पाटी अक्षर लावत वाचली. "बराबर हाय की," तो म्हणाला. "साहेब, रिकामा टेंपो कशाला उभा ठिवलाय? निघू का मी?"

कुणी उत्तर द्यायच्या आत तो निघूनही गेला. पाटणकर पाटीपुढे उभे राहून, नियम आता कुणाच्या बाजूनं आहे याचा विचार करत राहिले.

"सोसायटीचं काय?" अण्णांचा आवाज खाली आला होता. "मी शब्द दिलाय."

"बंड्या आमच्याकडं राहील," चंदर म्हणाला. "आमच्या दाराला पाटी नाय." मग उमाकडे वळून, जरा अडखळत, "तुला… त्याला भेटायला यायचं झालं तर… रविवारी वगैरे… कुत्र्याचं निमित्त हाय. कोणी काय बोलणार नाय."

उमानं दोरी त्याच्या हातात दिली. दोरी देताना बोटं बोटांना लागली, तिच्या बोटांवरचा ओला लाल रंग त्याच्या बोटांवर गेला, आणि तिनं हात लगेच काढला नाही. सगळे बघत असताना काढला नाही.

"कुत्र्याचं निमित्त नको," ती म्हणाली, अण्णांना ऐकू जाईल इतक्या स्वच्छ. "मी रविवारी येणार. घरी सांगून येणार. बंड्याला भेटायला जाते असं नाही सांगणार, चंदरला भेटायला जाते असंच सांगणार. पण त्याआधी मला त्या दिवशीचं उत्तर पुन्हा हवंय. आहे का काही मनात?"

धुकं उठून गेलं होतं. लपायला ढग नव्हता, शिडी नव्हती. चंदरनं अण्णांकडे पाहिलं, मग नजर तिच्यावर आणली आणि तिथंच ठेवली.

"हाय," तो म्हणाला. या वेळी आवाज कापला नाही.

उमानं रंगानं माखलेला पंजा वर केला, कॉलेजच्या फाटकात मैत्रिणी भेटल्यावर करतात तसा.

"हाय," ती म्हणाली.