मधला थांबा

कॉर्क शहरात आमच्या टेकडीखालून एक बोगदा जातो. पूर्वी त्यातून ट्राम जायच्या. मग रूळ उखडले, डांबर टाकलं आणि बस सुरू झाल्या. मधोमध ट्रामचा एक थांबा होता, तो विटांनी बुजवलाय. बोगद्यातले दिवे बदलायचं काम आमच्या कंपनीकडे आहे, म्हणून मला हे माहीत. बस तिथे थांबत नाही.

बाबा कराडहून आल्यापासून मात्र रोज बसमध्ये तिथेच सीटवरून उठायचे. "बसा, काकू," म्हणायचे आणि रिकाम्या सीटशेजारी दांडा धरून उभे राहायचे.

"बाबा, कुणी नाहीये तिथे."

"अरे, ओल्या कोटात उभ्या आहेत बिचाऱ्या. म्हातारं माणूस."

इथले लोक सभ्य. बघून न बघितल्यासारखं करतात. त्यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एअरपोर्टवरसुद्धा बाबांच्या पाया पडायचं सोडून मी त्यांची बॅग उचलली होती. भोवती माणसं होती ना!

त्या सकाळी बसमध्ये माझ्या शेजारी शिवॉन बसली होती, माझी बॉस. बाबांना पुढची सीट मिळाली होती. विटांची भिंत आली तसे ते उठले.

"बसा, काकू."

शिवॉन माझ्याकडे वळली. "तुझ्याबरोबर आहेत का हे?"

"नाही," मी इंग्रजीत म्हणालो. "मी ओळखत नाही त्यांना."

बाबा जन्मभर इंग्रजीचे मास्तर होते. त्यांची पाठ ताठ झाली.

बसमधले दिवे गेले आणि लगेच आले.

शिवॉन फोनमध्ये गुंतली होती. मी उठून बाबांजवळ गेलो. त्यांनी सोडलेली सीट ओली झाली होती.

"बाबा, चुकलो मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परक्याकडे बघून हसावं तसं हसले.

"आपण मराठी का? वा, बरं वाटलं. माझा मुलगाही इथेच असतो. आता स्टॉपवर न्यायला येईल."

बोगदा संपला. बस थांबली. मी शिकवलं होतं तसं ड्रायव्हरला "थँक्स अ मिलियन" म्हणून बाबा उतरले.

माझा पाय उचलेना.

दार बंद झालं.

काचेतून दिसलं. फूटपाथवर, भर माणसांत, माझ्याच उंचीचा कुणीतरी वाकून बाबांच्या पाया पडत होता. अंगात मी घातलंय तसंच निळं जाकीट.

बाहेर लख्ख ऊन होतं. त्याचं जाकीट मात्र ओलंचिंब होतं.