महाराणीचं पहिलं नाव

परतीचा पाऊस सांगून येत नाही. नारायणगावच्या स्टँडवर मी पारगावच्या जीपची वाट बघत उभी होते, तोच धो धो सुरू झाला. ओढणी डोक्यावर धरून मी समोरच्या दुकानात शिरले. दलीचंदशेठचं टीव्हीचं दुकान. भिंतभर लहानमोठे टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच बाई... अंगात हिरवा लष्करी कोट, पांढऱ्या घोड्यावर ताठ बसलेली.

"ही कोण?" मला राहवलं नाही.

"रशियाची महाराणी," टीव्हीमागून आवाज आला. मग हातात वायर घेतलेला एक मुलगा उभा राहिला. "नवऱ्याला गादीवरनं उतरवून सोता बसली. घ्यायचाय का?"

"काय, नवरा?"

"टीव्ही —" तो असा काही गडबडला की वायर खाली पडली. मी हसले. मग तोही हसला, आणि बाहेरचा पाऊस जरा उशिरा थांबला तर बरं, असं मला उगाचच वाटून गेलं.

तो सयाजी. शेठच्या दुकानात कामाला, गावोगाव टीव्ही बसवून द्यायचा. मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत. महाराणीची ती मालिका दर शनिवारी लागायची. अर्धं नाटक, अर्धी माहिती; ऐन रंगात आलं की एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक येऊन डब केलेल्या हिंदीत समजावून सांगायचे. मी दर शनिवारी जीपा सोडून देऊ लागले.

"पोरी, टीव्ही घेत नाहीस तर निदान खुर्ची तरी घे," दलीचंदशेठ म्हणायचे. खुर्ची सयाजी आणायचा. आधी शर्टाच्या बाहीनं पुसायचा, आणि मग माझ्याकडे बघायचंच नाही असं ठरवल्यासारखा टीव्हीकडे बघत राहायचा.

"सयाजी? आजोबांचं नाव का?" मी एकदा चिडवलं.

"व्हय. शाळंत पोरं लई हसायची. चुलते म्हनले, बदलून टाकू. मी न्हाई म्हनलो."

"का?"

"मला हाक मारली की आजी वळून बघायची... म्हनून."

माणूस आवडायला यापेक्षा जास्त काय लागतं, मला माहीत नाही.

पुढच्या शनिवारी ती बाई लहान झाली. महाराणी व्हायच्या आधीची, चौदा वर्षांची, परक्या देशातून लग्नासाठी आणलेली पोर. नाव सोफी. तिचा धर्म बदलला, भाषा बदलली, आणि एका मोठ्या देवळात मेणबत्त्यांच्या उजेडात नावही बदललं. त्यानंतर सबंध भागात कुणी तिला सोफी म्हटलं नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली.

"अश्विनी... काय झालं?" सयाजीनं पहिल्यांदाच नावानं हाक मारली.

मग मी सांगितलं. माझी ताई उज्ज्वला. लग्नात तिची समृद्धी झाली, घोडेगावला नांदायला गेली आणि तापानं गेली. सासरच्यांनी चांगलं केलं सगळं. आमच्या चौकातही श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावला. त्यावर लिहिलं होतं, कै. सौ. समृद्धी. फोटोही असा, नथ आणि डोक्यावर पदर, की मलाच ओळखायला वेळ लागला. त्या फ्लेक्सखाली जीपची वाट बघत ताईची शाळेतली मैत्रीण उभी होती. मला बघून हसत म्हणाली, "काय गं, उज्ज्वला कशी आहे?"

सयाजीनं सगळ्या टीव्हींचा आवाज बंद केला.

दिवाळीनंतर त्याच्या घरून मागणी आली. आमच्या घरी सगळे खूश. मी मात्र शनिवारी दुकानात त्याला सरळ विचारलं, "माझं नाव बदलणार का?"

तो खाली बघू लागला. "आईनं... जान्हवी काढलंय. लई हौस हाय तिला. पत्रिकेत बी बसतंय."

"आणि तुमचं काय म्हणणं?"

"आईला कसं दुखवू —"

"मग नका दुखवू," मी म्हटलं आणि आलेल्या पहिल्या जीपमध्ये बसले. रस्ताभर मला रडू येत होतं. हा माणूस मला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण त्याच्या घरी जाणारी मीच असायला हवी होते ना?

दोन शनिवार मी गेले नाही. तिसऱ्या शनिवारी शेवटचा भाग होता. महाराणीचं काय होतं ते तरी बघू, अशी मनाची समजूत घालून गेले. माझ्या खुर्चीवर एक बाई बसली होती. शेजारी सयाजी उभा. त्याची आई, साळुबाई.

"ये, बस," त्यांनी दुसऱ्या खुर्चीकडे बोट केलं. "ह्यो म्हनला, बोलन्याआधी ह्ये बघ."

आम्ही तिघांनी बघितलं. महाराणी थकली, आजारी पडली, गेली. घंटा वाजल्या. साळुबाई सयाजीकडे वळल्या.

"तिचं पयलं नाव काय म्हनलास?"

"सोफी."

"मंग शेवटाला तरी कुनी सोफी म्हनलं का तिला?"

कुणीच म्हटलं नव्हतं. सयाजीनं आईकडे बघितलं, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला. "आई... तुझं म्हायेरचं नाव काय गं?"

सत्तावीस वर्षांच्या पोरानं पहिल्यांदा विचारलं होतं. साळुबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तारा," त्या म्हणाल्या. "थोरल्या जाऊबाई बी ताराच व्हत्या. एका घरात दोन तारा कशा चालत्याल? मंग मी साळू झाले. तुझ्या बापाला बी आठवत नसंल आता."

मग उठल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, "जीप हुकंल तुझी."

सयाजी जीपपर्यंत आला. "अश्विनी, मला तू पायजेस. जान्हवी न्हाई." मी मान डोलावली.

लग्न माघात झालं. घरात पाऊल टाकल्यावर तांदळाचं ताट पुढे आलं. नवऱ्यानं अंगठीनं नवरीचं नवं नाव त्यात लिहायचं. "जान्हवी लिव्ह रे," सयाजीच्या आत्या म्हणाल्या. सयाजीनं आईकडे बघितलं. ताट त्यांनीच धरलं होतं.

"तुला ठावं हाय ते लिव्ह," साळुबाई म्हणाल्या.

त्यानं लिहिलं, अश्विनी. मग मी त्याच्या हातातून अंगठी घेतली आणि खाली लिहिलं, तारा.

माझे सासरे, भिमाजी, दारातून वाकून ताट बघत होते. बघता बघता त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"तारा," ते हळूच म्हणाले, "पोरीला गूळपानी दे."

आणि माझ्या सासूनं ओ दिली.