उसना दम

वरकुट्यात लाइट गेली की पोरं सर्जेराव मारकडांच्या, म्हणजे आबांच्या, ओट्यावर गोळा होत. त्या रात्रीही झाली. आबांनी कंदील मुद्दाम बारीक ठेवला होता.

"आबा, भुताची सांगा. पर खरी पायजे," समर्थ म्हणाला.

"खोटी सांगायला मला येत न्हाय. ही माज्या चुलतभावाची हाय, बिरदेवची. त्यानं सोताच्या तोंडानं सांगितली, ती बी एकदाच. परत इचारलं तर उठून गेला."

"बिरदेवनाना? मुंबईला मोठ्या बँडमदी हायेत ते?" वैष्णवीने विचारलं.

"बँड न्हवं गं, ऑर्केस्ट्रा. साठ-सत्तर मानसं एका टायमाला वाजिवत्यात आनि एक हुकला की समदे हुकत्यात. पर तितं जागा मिळायच्या आदुगरची ही गोष्ट. ऐका गुमान."

सन चौऱ्याण्णव. वैशाखातली अमावस्या, वार गुरुवार. रोहिण्या कोरड्या गेल्या होत्या आणि मृगाचाही अजून पत्ता नव्हता. उजनीचं पाणी इतकं मागे हटलं होतं की काठावर हातहात रुंद भेगा पडल्या होत्या.

बिरदेव मारकड दिवस मावळायला राजदूत फटफटी काढून पळसदेवला निघाला, तो एका साध्या कामासाठी. शनिवारी मुंबईत त्याची परीक्षा होती. तिथल्या एका ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेटवाल्याची जागा रिकामी झाली होती. अशी जागा दरसाल निघत नाही. बसलेला माणूस म्हातारा होऊन उठतो, तेव्हा कुठे एक खुर्ची मोकळी होते आणि तिच्यावर देशभरातली माणसं तुटून पडतात. बिरदेव आधी दोनदा असाच परीक्षेला जाऊन हात हलवत परत आला होता.

मेंढरामागे हिंडणाऱ्या घरातला तो पोरगा. मिसरूड फुटायच्या आत लष्कराच्या बँडात भरती झाला. तिथे पहाटे उठून एकच लांब सूर धरायचा, घड्याळातला काटा फिरेपर्यंत. कागदावरचे काळे ठिपके बघून वाजवायला शिकायचं. ओठ आतून सोलून निघायचे, मिठाच्या गुळण्या करायच्या आणि पुन्हा वाजवायचं. पंधरा वर्षं अशी काढून तो बाहेर पडला होता, ऑर्केस्ट्रात बसायचं या एकाच नादाने. बायको भामा आता काही बोलत नव्हती. मेहुण्याने मात्र सोमेश्वरनगरला कारखान्यावर कामाची सोय लावून ठेवली होती. "या बारीला न्हाय झालं तर पिपाणी माळ्यावर टाका, दाजी," तो म्हणाला होता. आणि बिरदेवने मान डोलावली होती.

अडचण अशी होती की ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेटवाल्याला दोन वाद्यं लागतात. एक नेहमीचं आणि दुसरं त्याच्याहून बोटभर लांब, अर्ध्या सुराने खाली बोलणारं. परीक्षेत दोन तुकडे होते, एकेका वाद्यावर एकेक. बिरदेवकडे एकच क्लॅरिनेट होती. तसली दुसरी अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकाच घरात होती, सोनबा मास्तरांच्या.

सोनबा मास्तर म्हणजे बिरदेवचे गुरू. तेही पलटणीच्या बँडातले. पोराचा पावा एका लग्नात ऐकून त्यांनी त्याला बापाकडून मागून घेतलं होतं. बिरदेव भरती झाला त्याच सुमाराला मास्तरांनाही मुंबईच्या एका ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलं. पण तेव्हाच धरणाचं पाणी चढायला लागलं. जुनं पळसदेव उठलं. घर हलवायचं, गुरं हलवायची, आंधळी आई हलवायची. "हे उरकलं की जातो," मास्तर म्हणाले. ते काही गेले नाहीत. दम होता तोवर वरातीपुढे वाजवत राहिले, आणि चौऱ्याण्णवच्या फाल्गुनात वारले.

त्यांच्या बायकोने, रंगूबाईंनी, पेटी काढून दिली. काळी, दोन पितळी कड्यांची. पण पेटीवरचा हात काही त्यांनी उचलला नाही.

"बिरू, यक सांगती. त्यांचा दम गेला व्हता रं. शेवटची दोन वर्सं फुकायला छातीत वाराच न्हवता. तरी रातभर घिऊन बसायचे. नुसती बोटं चालायची. चाव्यांची खटखट, खटखट. मी म्हनायची, अवो निजा आता. तर म्हनायचे, बोटं हायती गं माजी, बोटांना दम कुनी देतं का बघ."

बिरदेवने पेटीच्या कडीला हात लावला. मग तो म्हणाला, "काकू, जरा फुकून बघू का?"

"हितं नगं. मला सोसायचं न्हाय." त्यांनी हात काढून घेतला. "आनि आज कुटंच नगं. आवस हाय."

बिरदेव मनात हसला. पलटणीत पंधरा वर्षं काढलेला माणूस तो. पण म्हातारीचं मन राखायला नुसतं "बरं" म्हणाला आणि बाहेर पडला.

आता खरं तर सरळ हमरस्त्याला लागून घरी यायचं. पण दोन वर्षांवर कुणी न फुंकलेलं वाद्य. चाव्यांखालची गादी कुरतडलेली असली, लाकडाला चीर गेलेली असली, तर ते मुंबईत कळून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी दुपारची एस.टी. होती, आणि घर गाठेपर्यंत त्याला धीर नव्हता. गावात वाजवलं तर रंगूबाईंना ऐकू जाणार. म्हणून त्याने गाडी हमरस्त्याऐवजी खाली पाण्याकडे वळवली.

अंधार पडला होता. काठावर मच्छीमारांच्या होड्या पालथ्या पडलेल्या, माणूस एकही नाही. समोर पाण्यातून जुनं देऊळ निम्मं वर आलेलं. चांदण्यांच्या उजेडात ते ओळखू येत होतं, एवढंच.

त्याने गाडी बंद केली. इंजिनाचा आवाज थांबला आणि मागून बारीक आवाज आला.

खटखट. खटखट.

मागे कॅरिअरला बांधलेल्या पेटीतून.

चाव्या सैल झाल्या असतील, तो मनाशी म्हणाला. खड्ड्यांचा रस्ता, हलल्या असतील. पण गाडी उभी होती. तो खाली उतरला. पेटीवर हात ठेवला. आवाज थांबला.

एका होडीच्या पालथ्या बुडावर बसून त्याने पेटी उघडली, तुकडे जोडले. पत्ती जिभेवर ओली करून मुखाला बांधली. लाकूड चांगलं होतं. त्याने एक लांब सूर धरला. खालचा. पाण्यावरून तो सूर देवळापर्यंत गेला, आणि बिरदेवचे डोळे भरून आले. असा गोल सूर त्याने कधी काढला नव्हता.

मग त्याने परीक्षेचा तुकडा धरला. संथ, लांबच लांब ओळींचा. दोन ओळी छान गेल्या. तिसऱ्या ओळीला त्याच्या ध्यानात आलं...

बोटं आधी जात होती.

म्हणजे त्याची नव्हे. तो चावी दाबायला जाई, तर ती आधीच खाली गेलेली असे. त्याने करंगळी मुद्दाम उचलून धरली. करंगळीखालची चावी आपली आपण खाली गेली. वर आली. पुन्हा गेली.

ओट्यावर कुणीतरी कंदिलाची वात वर करायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "तसाच असू दे."

बिरदेवने थांबायचं ठरवलं. फुंकणं बंद केलं.

फुंकणं बंद होईना.

वारा बाहेर जातच होता. छातीतून कुणी तो ओढून घेत होतं. ओळ संपली. दुसरी सुरू झाली. मधे श्वास घ्यायची जागा असते. ती आली. गेली. श्वास आत आला नाही. नुसता बाहेर. नुसता बाहेर... आणि सूर काय देखणा! हे तो नंतर म्हणाला. मरत होतो, पण सूर सोडवत नव्हता.

पोट पाठीला लागलं. कानात शिट्टी वाजायला लागली. देऊळ दिसेनासं झालं. डोळ्यांपुढे काळं...

तेव्हा काय वाटलं कुणास ठाऊक. पळावं, वाद्य फेकावं, काही नाही. शिकत असताना पोरगा जसा बोलायचा, तसा तो मनातल्या मनात बोलला. तोंड मोकळं नव्हतंच.

मास्तर... जरा दम घेऊ द्या.

थांबलं.

सगळं थांबलं. क्लॅरिनेट ओठांवरून सुटून मांडीवर आली. बिरदेव चिखलात गुडघ्यांवर पडला आणि घशात आवाज करत श्वास घेऊ लागला. एक. दुसरा. तिसरा. पाणी हलत नव्हतं. किडासुद्धा ओरडत नव्हता.

त्याचा श्वास जाग्यावर येईपर्यंत कुणीतरी वाट बघत होतं. तसं त्याला पक्कं कळत होतं. शिकवणारा माणूस बघतो, तशी.

मग तो म्हणाला, "शनवारी हाय, मास्तर. मुंबैला. चला संगं."

 त्याने तुकडे सोडवले, पेटी मिटली. गाडी चालू करायचा धीर झाला नाही. हमरस्त्यापर्यंत ढकलत आणली. पेटीतून आवाज आला नाही.

"मग टाकून न्हाय दिली त्येंनी?" समर्थने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"मी बी हेच इचारलं. तर म्हनला, ज्या मानसानं मला फुकायला शिकिवलं त्याला मी दमाला न्हाय म्हनू?"

शनिवारी मुंबईत परीक्षा झाली. या परीक्षेची एक रीत आहे. मधे जाड पडदा असतो. परीक्षक पलीकडे, वाजवणारा अलीकडे. कोण वाजवतोय, कुठला, कुणाचा, काही कळू नये म्हणून. बोलायचंसुद्धा नाही. दारावरचा माणूस एकेकाला आत सोडतो आणि दार लावून घेतो.

बिरदेव आत गेला. एक खुर्ची, पुढे कागद ठेवायचं लोखंडी स्टँड. मास्तरांची पेटी त्याने पायाशी ठेवली, कड्या लावलेलीच. पहिला तुकडा नेहमीच्या वाद्यावर होता. त्याने स्वतःची क्लॅरिनेट उचलली आणि सुरुवात केली.

बोटं त्याची होती. चाव्या त्याच्या होत्या. पण दम... दम लवकर संपत होता. निम्म्या ओळीला छाती रिकामी व्हायची. जिथे एरवी एक श्वास पुरे, तिथे दोन लागत होते. घामाने त्याचा सदरा भिजला. वाटलं, गेलं. ही पण गेली. कारखाना. तरी त्याने ओळ सोडली नाही. एका ठिकाणी दोनदा श्वास घेतला, पोटातून, आणि तुकडा शेवटपर्यंत नेला.

पडद्यापलीकडे खुर्च्या सरकल्या. मग कुजबुज. मग एक म्हातारा आवाज इंग्रजीत तडकला, "दुसऱ्या माणसाला आत कुणी सोडलं?"

दारावरचा माणूस धावत आला. "साब, एकच सोडलाय."

"आम्हाला दोन ऐकू आले. खालून दुसरी क्लॅरिनेट वाजत होती. आम्ही पाचही जणांनी ऐकली."

नियम मोडून पडदा बाजूला सारला गेला. पाच माणसं बघत उभी राहिली. एक खुर्ची. घामाघूम झालेला एक माणूस. हातात एक वाद्य.

"दुसरा कोण होता?" म्हाताऱ्याने या खेपेला हळू विचारलं.

 बिरदेवने नुसती मान हलवली.

त्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे, मग पायाशी असलेल्या बंद पेटीकडे पाहिलं. "दुसरा तुकडा राहू दे," तो म्हणाला आणि रुमालाने डोळे पुसत जागेवर जाऊन बसला.

जागा बिरदेवला मिळाली. पण ते कळायला पुढे आठवडा गेला. त्या दुपारी त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो बाहेर येऊन इमारतीच्या पायरीवर बसला.  समोर रस्ता वाहत होता, ऊन रखरखत होतं. थोड्या वेळाने मास्तरांची पेटी त्याने मांडीवर घेतली.

आबांनी इथे कंदील जवळ ओढला.  ओढ्याकडून एक टिटवी ओरडत गेली. मग आबा बोलले, अगदी खालच्या आवाजात.

"वाजिवलेली क्लारनेट कशी वळखायची, त्ये त्यानं मला सांगितलं व्हतं. बंद असली की लाकूड गार ऱ्हातं. कुनी फुकली की गरम हुतं. मानसाच्या तोंडची वाफ आत जाती, तिचं पानी हुतं, आनि खालच्या तोंडातून थेंब गळत्यात. फुकल्याबिगर गळत न्हाईत."

वरकुट्याहून मुंबईपर्यंत ती पेटी बिरदेवने एकदाही उघडली नव्हती.

पायरीवर बसून त्याने पहिली कडी काढली. दुसरी काढली. झाकण वर केलं.

आतली मखमल ओली होती. त्याने क्लॅरिनेटचा खालचा तुकडा हातात घेतला... लाकूड गरम होतं. त्याने तो तसाच उभा धरला.

एक थेंब पायरीवर पडला. जरा वेळाने दुसरा.