शेवटच्या सीनमधली बाई

ही गोष्ट खरी आहे.

पटली नाही तर सोडून द्या. पण खाली कमेंटमध्ये 'पुरावा द्या' एवढं मात्र लिहू नका. या दोन शब्दांचा मला आता वीट आलाय.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. मागच्या वर्षीचा मे महिना, धुळ्यातलं देवपूर, आणि दुपारचे तीन. त्या वेळेला आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं.

मी योगेंद्र. शाळेत शिक्षक आहे. आमचा व्हॉट्सॲपवर सिनेमावेड्यांचा एक ग्रुप आहे. धुळे, जळगाव, साक्री, पिंपळनेर, सगळीकडची मिळून दोनशेच्या वर डोकी. दिग्दर्शक मोठा की नट मोठा, यावरून आम्ही सकाळी सहाला भांडायला बसायचो. मी ॲडमिन. माझ्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं मला आठवत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातला मी.

एक जुना मराठी सिनेमा आहे. ब्लॅक अँड व्हाइट. नाव सांगत नाही, कारण तुम्ही लगेच शोधायला जाल.

त्याच्या शेवटी घरची सून हंडा घेऊन विहिरीकडे निघते. कॅमेरा मागे उभा. ती वळणाआड जाते... आणि सिनेमा संपतो.

तिने जीव दिला, हे माझं मत. ती पळून गेली, हे जळगावच्या भूषणचं. या एका सीनवर आम्ही तीन वर्षं एकमेकांची अक्कल काढत होतो.

मग एप्रिलच्या शेवटी ग्रुपवर चुडामण आबा आले. पिंपळनेरचे. टाइप करता येत नाही म्हणून आवाजच पाठवायचे, तोही अहिराणीत.

"तुमी बठ्ठा चुकी राह्यनात भो. ती मरस बी नही, पळस बी नही. ती हंडा भरीसन घर परत येस. मी सोता दखेल शे."

आम्ही सगळेच चुकतोय म्हणे! माझं डोकंच फिरलं. चौदा वेळा पाहिलेला सिनेमा, आणि हे मला शिकवणार!

मी लिहिलं, "आबा, पुरावा द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. तरुणपणी आबा तंबू टॉकीजवर ऑपरेटर होते. जत्राजत्रांतून पडदा लावत हिंडायचे. पिंपळनेरच्या जत्रेत या सिनेमाच्या शेवटच्या रिळाचं शेपूट यंत्रात अडकून फाटलं. आबांनी तो तुकडा कात्रीने कापला. नंतर जोडू म्हणून खिशात टाकला. पहाटे पेट्या पुढच्या गावाला गेल्या, तुकडा खिशातच राहिला.

पुढे बाकीच्या सगळ्या प्रिंट खराब झाल्या आणि तीच एक उरली. आज मोबाइलवर आपण जी कॉपी बघतो, ती आबांनी कापलेल्या प्रिंटची.

"ती घरमा येस तो तुकडा मनापाशी शे," आबा म्हणाले. "तवयपाईन ती बाहेरच शे." तेव्हापासून बाहेर, म्हणे!

मी हसलो. मोठ्याने हसलो.

आबा म्हणाले, "तुले पुरावा पाहिजे ना? धाडी देस. पन दुपारले दार बंद ठेव. बाहेर हंडा वाजना, तरी 'ये' म्हनू नको. मी चाळीस वरीस म्हनेल नही."

गुरुवारी एसटीच्या ड्रायव्हरजवळ डबा आला. पानतंबाखूचा गंजका डबा होता. आत हातभर फिल्मची गुंडाळी.

मी ती ट्यूबलाइटसमोर धरली.

दार. उंबरठा. आणि डोक्यावर हंडा घेतलेली बाई, पाय आत टाकताना.

म्हातारा खरं बोलत होता.

आता एखादा भला माणूस काय करेल? लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकेल आणि 'आबा, चुकलो' म्हणेल. मी नाही टाकला. रविवारी जळगावला ग्रुपचा मेळावा होता. तिथे सगळ्यांसमोर डबा उघडायचा, शोध मीच लावला असं भासवायचं आणि भूषणचं तोंड बघायचं, असा माझा बेत. म्हणून ठेवला जपून.

घरात मी आणि माझी माय, झुंबरबाई, दोघंच होतो. बायको दिपमाला मुलीला घेऊन माहेरी गेली होती.

शुक्रवारी दुपारी तीनला मी पुढच्या खोलीत पडलो होतो.

बाहेर काहीतरी वाजलं...

ठण्ण.

दगडी पायरीवर भरलेला हंडा टेकवला की होतो, तसा आवाज. मी खिडकीतून पाहिलं. गल्ली रिकामी.

पायरीवर मात्र ओलं वर्तुळ होतं. हंड्याच्या बुडाएवढं.

आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता. सगळी गल्ली कोरडी होती.

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. मायला बजावलं, "दुपारी दारात कोणी आलं तर 'ये' म्हणू नको."

माय माझ्याकडे बघतच राहिली. "दारवर उनी बाईले ये म्हनू नको? हाई शिकाडस का तू शाळामा?"

तिचं काय चुकलं? साक्रीकडच्या तिच्या गावात दारात आलेल्या माणसाला आधी 'ये, बस' म्हणतात, मग 'कोण' म्हणून विचारतात. मी तिला सगळं सांगायला हवं होतं. पण तिला सिनेमा, रीळ, तुकडा हे समजावत कोण बसणार, म्हणून मी कंटाळा केला. आजही त्या कंटाळ्याचा मला राग येतो.

शनिवार. पुन्हा तीन.

ग्रुपवर भूषणने लिहिलं होतं, 'योगेंद्र सरांना सिनेमातलं काही कळत नाही.' मी आतल्या खोलीत त्याला उत्तर टाइप करत होतो. चांगलं लांबलचक, मुद्देसूद.

बाहेर वाजलं...

ठण्ण.

मायच्या ओढत्या पावलाचा आवाज आला. कडी निघाल्याचा आवाज आला. मला सगळं ऐकू येत होतं. तीन वाक्यं राहिली होती. एवढं पाठवतो आणि उठतो, असं मी मनात म्हटलं.

"ये माय, घरमा ये. किती ऊन शे!"

मी तीन वाक्यं पूर्ण केली. पाठवलं. मग उठलो.

दार सताड उघडं. पायरीवर ओलं वर्तुळ. तिथून ओल्या पावलांची रांग स्वयंपाकघरापर्यंत... आणि आत माय कुणाशी तरी बोलत होती.

मी गेलो तर ती एकटीच होती. समोर पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवलेला.

"कोणाशी बोलतेस?"

"हाई काय, तुन्हा समोर बशेल शे ना."

मी धावत जाऊन डबा उघडला.

फिल्मवर दार होतं, उंबरठा होता. बाई नव्हती. एकाही चौकटीत नव्हती.

मोबाइलवर सिनेमा लावला. शेवटच्या सीनमध्ये नुसती पायवाट. वळणापर्यंत रिकामी.

ग्रुपवर विचारलं, तर दोनशे जणांचं एकच उत्तर, "कोणती बाई? तिथे रिकामी वाटच आहे. तेच तर दिग्दर्शकाचं कौशल्य." भूषण, जो तीन वर्षं त्या बाईवरून माझ्याशी भांडला, तोही तेच म्हणाला. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आणि पुरावा? तो मी रविवारसाठी राखून ठेवला होता ना!

आबांना फोन लावला. त्यांची सून कोकिळा बोलली.

"आबा झोपेल शेत, सर. चाळीस वरीसमा आबा दुपारले कधी झोपनात नही. आते रोज झोपतस. उठाडू नका."

तिने फोन ठेवला.

जळगावला मी गेलो नाही. घरातच मायवर नजर ठेवून होतो. ती मजेत होती, हे सगळ्यात वाईट. गुणी बाई आहे म्हणायची. घरात बसली तरी डोक्यावरचं ओझं उतरवत नाही म्हणायची.

सोमवारी म्हणाली, "तिन्हं घर दूर शे, योगू. एकलीले वाटमा भ्याव वाटस. तिले कोनी सोबत नही."

मी ओरडलो, "माय, तिच्याशी बोलू नको!"

ती रुसली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ते आमचं शेवटचं बोलणं.

मंगळवारी दुपारी माझा डोळा लागला. दहा मिनिटं, फार तर पंधरा.

जागा झालो तो शांततेने. स्वयंपाकघरात भांडं वाजत नव्हतं. मायचं पुटपुटणं नव्हतं. दार उघडं. तिच्या चपला जागेवर... आणि ओट्याखालचा आमचा पितळी हंडा नव्हता.

पायरीवर या वेळी दोन ओली वर्तुळं होती.

गल्ली पालथी घातली. पांझरा नदीचा काठ, बसस्टँड, साक्रीकडचं तिचं गाव. पोलिसात तक्रार दिली. त्यांनी विचारलं, घरात भांडण झालं होतं का? काय सांगणार?

संध्याकाळी मोबाइल वाजला. भूषणचा मेसेज.

"सर, तुम्ही जिंकलात. सीन परत पाहिला. बाई आहे. पण एक नाही, दोन आहेत."

मी सिनेमा लावला.

पायवाट. पुढे ती, डोक्यावर हंडा. तिच्या मागे एक म्हातारी, कमरेवर हंडा, एक पाय ओढत चाललेली. तिच्या चष्म्याला मागून फीत बांधलेली. चष्मा सारखा पडतो म्हणून माझ्या शाळेच्या ओळखपत्राची फीत मीच बांधून दिली होती.

वळणाशी ती म्हातारी थांबते. मागे बघते. कोणाची तरी वाट बघितल्यासारखं.

आणि सिनेमा संपतो.

याला आता वर्ष झालं. माय सापडली नाही. दिपमाला म्हणते, डबा नदीत टाका. कसा टाकू? परत घरात येण्याचा तुकडा तोच आहे. जोडून द्यायला मूळ प्रिंट लागते, ती कुठे आहे कोणालाच माहीत नाही. आबा फोन उचलत नाहीत.

ग्रुप जोरात चालू आहे. गेला महिनाभर एकच वाद. ती म्हातारी कोण? काय सहज काम केलंय, एवढ्या गुणी नटीचं नाव श्रेयनामावलीत कसं नाही? कोणी म्हणतो नाटकातली, कोणी म्हणतो गावातलीच धरून आणली. भूषणने चूकही काढली आहे. त्या काळात चष्म्याला अशी छापील फीत कुठली? दिग्दर्शकाचं लक्ष नव्हतं, म्हणे.

मी एकदाच लिहिलं, "ती माझी माय आहे."

लगेच खाली आलं, "सर, पुरावा द्या."

मी गेल्या आठवड्यात ग्रुप सोडला.

आता रोज दुपारी तीनला मी दार उघडं टाकून उंबरठ्यावर बसतो. डबा मांडीवर उघडा असतो. फिल्मवर अजून नुसतंच दार आहे. ऊन डोळ्यांत जातं, गल्लीतले लोक मला वेडा समजतात, समजू देत.

रिकाम्या गल्लीकडे बघून मी म्हणत राहतो, "ये माय... घरमा ये."

अजून तरी पायरीवर काही वाजलेलं नाही.